प्राणीगृहातल्या काकांना

काका,

परवा प्रबंध जमा झाला. आभाराच्या पानावर तुम्ही एका ओळीत उरकले गेलात, तेही 'तांत्रिक साहाय्य' म्हणून. ते डाचत होतं, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "उंदरीचं अंडाशय काढायचं आणि तिच्याच मूत्रपिंडावर चिकटवायचं, हा काय उद्योग?" मी उडवाउडवी केली होती. आता सांगते. कॅन्सरच्या काही औषधांनी अंडाशय निकामी होतं, म्हणून आधीच त्याच्या पट्ट्या काढून उणे १९६ अंशांवर गोठवतात. एडिंबरात १९९४ मध्ये मेंढीला अशी पट्टी परत बसवून कोकरू झालं. बेल्जियममध्ये १९९७ साली गोठवलेल्या पट्टीतून २००४ मध्ये एका बाईला मुलगी झाली. पण गोठवताना मरतात त्याहून कितीतरी जास्त बीजं बसवल्यानंतर मरतात. तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या शिरायला उंदरांतही दोनेक दिवस जातात, तोवर तो उपाशी. मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रक्ताचा सुकाळ, म्हणून ती जागा. आणि तुमचं 'घोडीचं औषध', म्हणजे गाभण घोडीच्या रक्तातलं हार्मोन, बीजाभोवतीच्या पेशींना वाढवतं. त्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून रक्तवाहिन्यांना बोलावतात. ते बोलावणं वेळेत पोचतं का, एवढाच माझा प्रश्न होता.

सगळा खेळ वेळेचा, आणि नेमका विसर्जनाचा दिवस आला. मी लक्ष्मी रस्त्याच्या पलीकडे अडकले. इंजेक्शन देणाऱ्यांच्या मंजूर यादीत तुमचं नाव होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर दाराच्या फटीत धुतलेले जुने ॲप्रन कोंबलेले. ढोलांनी उंदरं बिथरतील म्हणून. हे मला सुचलं नसतं.

सातव्या पिंजऱ्यातली ती आठवते? अंडाशय काढल्यापासून तिच्या स्मिअरमध्ये, म्हणजे योनीतून घेऊन काचेवर पसरलेल्या नमुन्यात, रोज नुसत्या बारीक गोल पांढऱ्या पेशी. एका सकाळी तुम्ही सूक्ष्मदर्शकातून मान वर केलीत आणि म्हणालात, "मॅडम, आज पोहे दिसतायत." खरंच, चपट्या, कोरड्या, कडा दुमडलेल्या पेशी! अशा पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे येतात. म्हणजे तुकडा जगला होता, इस्ट्रोजेन बनवत होता.

माझा चेहरा मात्र पडला. ती औषधाऐवजी नुसतं सलाईन दिलेल्या गटातली होती. औषधाविनाच लागलं, मग माझ्या हार्मोनचं काय? तुम्ही शांतपणे वहीत वेळ लिहिलीत. "लागलंय ना? मग लिहायचं." नंतर उमगलं, दोन्ही अंडाशयं गेली की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरचा लगाम सुटतो आणि ती स्वतःच तशाच हार्मोनचा मारा सुरू करते. आमचं इंजेक्शन त्याच्यावर वरकड. प्रबंधाचं चौथं प्रकरण याच भानगडीवर आहे, आणि परीक्षकांचे सगळे प्रश्न तिथेच येणार!

तुमची ती निळी वही अजून माझ्याकडेच आहे. पानांवर चहाचे डाग पडलेत, ते माझे. सोमवारी घेऊन येते.

तुमची,
'घाईवाली मॅडम'