नरक, अधोलोक आणि हिन्नोमचं खोरं

ती. आई-बाबांना सप्रेम सलाम.

बाबा, पाऊस सरला की वेंगुर्ल्यातल्या घरसभा पुन्हा सुरू होणार आणि पहिलाच विषय नरक ठेवलाय, असं तुम्ही फोनवर म्हणालात. 'शास्त्रात नरक आहे की नाही, तेवढं एका कागदावर लिहून पाठव' असंही म्हणालात. एका कागदात ते मावत नाही. तुमच्या प्रश्नात शब्द एक आहे, मूळ शास्त्रात चार आहेत. भांडण होतं ते त्यामुळेच.

तेव्हा वही आडवी धरा आणि चार रकाने आखा: शिओल, हेडीज, गेहेन्ना, तार्तारस. सभेत कुणी वचन काढलं की ते आधी कुठल्या रकान्यात बसतं ते बघायचं, अर्थ नंतर.

शिओल हा जुन्या करारातला इब्री शब्द, ६५ वेळा येतो. आपल्या पवित्र शास्त्रात त्याला 'अधोलोक' म्हटलंय आणि ते चोख आहे. तिथे चांगले-वाईट सगळेच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, मी शोक करत त्याच्याकडे अधोलोकी जाईन (उत्पत्ती ३७:३५). ईयोब तर देवाला विनवतो, मला तिथे लपवून ठेव (१४:१३). जिथे आग भाजते तिथे लपायला कोण मागेल? उपदेशक ९:१० म्हणतो, तिथे उद्योग नाही, ज्ञान नाही, शहाणपण नाही. म्हणजे ही मेलेल्यांची वस्ती, शिक्षेची भट्टी नव्हे.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. नाताळाला मुंबईहून येणारी मंडळी जुनं इंग्रजी बायबल घेऊन बसतात. १६११ सालच्या त्या भाषांतरात शिओलला ३१ ठिकाणी 'हेल' म्हटलंय, ३१ ठिकाणी 'ग्रेव्ह' म्हणजे कबर, आणि ३ ठिकाणी 'पिट' म्हणजे खड्डा. शब्द तोच, आणि भाषांतरं तीन. त्यामुळे स्तोत्र ९:१७ त्यांच्याकडे नरक सांगतं आणि आपल्याकडे अधोलोक. अशा वेळी वाद घालू नका, वहीतला पहिला रकाना दाखवा.

हेडीज हा त्याच शिओलचा ग्रीक जोडीदार. जुन्या हस्तलिखितांवर आधारलेल्या नव्या करारात तो १० वेळा आहे. प्रेषितांची कृत्ये २:२७ मध्ये पेत्र १६वं स्तोत्र ख्रिस्ताला लावतो, की त्याचा जीव अधोलोकात राहू दिला नाही. आणि प्रकटीकरण २०:१४ मध्ये मरण व अधोलोक हे अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. दोन्ही एकच असते तर एक दुसऱ्यात टाकणार कसं? तार्तारस फक्त एकदा, २ पेत्र २:४ मध्ये, तोही क्रियापदाच्या रूपात आणि पाप केलेल्या देवदूतांसाठी. त्यावर वेळ घालवू नका.

खरा वेळ गेहेन्नाला द्या. आपल्या शास्त्रात ज्याला 'नरक' म्हटलंय तो मुख्यतः हाच. एकूण १२ ठिकाणी: मत्तयात ७, मार्कात ३, लूकात १, याकोबाच्या पत्रात १. त्यातली ११ येशूच्या तोंडची. पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदाही नाही, योहानाच्या शुभवर्तमानात नाही, प्रेषितांच्या कृत्यांतल्या कुठल्याही भाषणात नाही.

गेहेन्ना म्हणजे हिन्नोमचं खोरं, यरुशलेमच्या दक्षिणेला असलेली खरीखुरी जागा. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे पोटची मुलं अग्नीत होमली (२ इतिहास २८:३, ३३:६). योशीया राजाने 'तोफेत' नावाचं तिथलं होमाचं ठिकाण भ्रष्ट करून टाकलं (२ राजे २३:१०), आणि यिर्मया म्हणाला, पुढे याला वधाचं खोरं म्हणतील (७:३२). येशूचे श्रोते हे ऐकत वाढलेले. इथे एक चूक हमखास होते, बाबा, आणि तुमच्या जुन्या टिपणातही ती आहे: 'येशूच्या काळी तिथे शहराचा कचरा रात्रंदिवस जळायचा.' हे विधान स्पष्टपणे सापडतं ते सुमारे १२०० साली, दावीद किम्ही या यहुदी टीकाकाराच्या लिखाणात. पहिल्या शतकातला लेखी पुरावा नाही, उत्खननातला नाही. ते वाक्य खोडा. रक्ताने माखलेला इतिहास असताना कचरा कशाला हवा?

शब्दाची आणखी एक गंमत सभेत बोलण्यासारखी आहे. 'नरक' म्हटलं की आपल्याकडे रौरव, कुंभीपाक, उकळती कढई उभी राहते. ती पुराणांतली. तिथला नरक भोग संपला की सुटतो, म्हणजे शेजारचे काका तो शब्द ऐकतात तेव्हा त्यांना मुदतीची शिक्षा दिसते आणि आपल्या उपदेशकाला बिनमुदतीची. आणि नरकचतुर्दशीला आपण कारेटं फुटताना बघतो तो नरक तर असुर!

आता आगीचं. मार्क ९:४८ मधला न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी यशया ६६:२४ मधून आलाय. तिथे प्रेतं आहेत, जिवंत माणसं नाहीत. (४४ आणि ४६ या ओव्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, काही बायबलांत क्रमांक गाळलेला दिसला तर कुणी घाबरायला नको.) 'न विझणारा' म्हणजे 'कधीच न संपणारा' असं आपण पटकन धरतो. काजूच्या बागेत मार्चात वणवा शिरला की तो विझवता येत नाही, पण पावसाळ्यापर्यंत जळत राहतो का? यिर्मया १७:२७ मध्ये यरुशलेमच्या वेशींना लागणारी आग विझणार नाही असं लिहिलंय. ती लागली, शहर जळलं, आणि संपली. यहूदा ७ मध्ये सदोमाला 'सार्वकालिक अग्नी'ची शिक्षा आहे, आणि २ पेत्र २:६ त्याच सदोमाची राख झाली म्हणतो.

यावरून काही विद्वान म्हणतात की शेवट यातना नसून नाश आहे. जॉन स्टॉट यांच्यासारख्या मोठ्या इंग्लिश पाळकांनीही १९८८ साली हे मत सावधपणे मांडलं. 'पापाचे वेतन मरण आहे' (रोम. ६:२३), आणि मत्तय १०:२८ मध्ये आत्मा व शरीर दोहोंचा नरकात नाश. माझा कल इकडेच आहे. पण इथे आपल्याच बाजूचा लंगडेपणा तुम्हाला सांगायला हवा. 'नाश' साठीचा ग्रीक शब्द लूक १५ मधल्या हरवलेल्या मेंढरालाही वापरलाय, आणि मेंढरू काही संपलं नव्हतं. एकट्या शब्दावर इमारत उभारू नका.

उलट बाजूची तीन वचनं लपवू नका. मत्तय २५:४६ मध्ये 'सार्वकालिक शिक्षा' आणि 'सार्वकालिक जीवन' एकाच वाक्यात, एकाच विशेषणाने येतात. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती आचार्याचा मुद्दा हाच होता, की एक अनंत धरलं तर दुसरंही धरा. त्यावर उत्तर असं दिलं जातं की इब्री ९:१२ मधली 'सार्वकालिक मुक्ती' ही सतत चाललेली क्रिया नाही, एकदा मिळवलेली आणि कायम टिकणारी आहे. उत्तर चांगलं आहे, निर्णायक नाही. प्रकटीकरण १४:११ मधला युगानुयुग वर जाणारा धूर अदोम देशाच्या धुरासारखा (यशया ३४:१०) वाचता येतो. पण २०:१० मध्ये सैतानाला रात्रंदिवस युगानुयुग पीडा, हे वचन मला वळवता आलेलं नाही. त्याला तसंच राहू द्या. तिसरं मत, शेवटी सगळेच देवाकडे येतील हे, ओरिजेन या आरंभीच्या ख्रिस्ती पंडितापासून चालत आलंय आणि १ करिंथ १५:२८ वर उभं आहे. कुणी विचारलं तरच काढा.

'नरक बायबलात नाहीच' असं मात्र म्हणू नका. न्याय आहे, आग आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त येशूच बोललाय. शास्त्रात नाही ती कढई.

आई, श्रीमंत माणूस आणि लाजरची गोष्ट (लूक १६) तुझी आवडती, म्हणून सांगते, ती पहिल्या दिवशी नको. मेल्यावर तो श्रीमंत माणूस ज्वाळेत तळमळतो, पण तिथला शब्द हेडीज आहे, गेहेन्ना नाही. आणि त्या माणसाचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे शेवटचा न्याय व्हायचाय. ती आधी वाचली की सगळे रकाने एकमेकांत मिसळतात. शिवाय यंदा ज्यांच्या घरात कुणी गेलंय ती माणसं समोर बसलेली असतील. त्यांना वचनं नीट मांडून होईपर्यंत यातनेचं चित्र दाखवू नये.

दोन बैठका धरा, दीड-दीड तासाच्या. पहिलीत शिओल-हेडीज, दुसरीत गेहेन्ना. दोन्ही एका रात्रीत कोंबल्या तर चहा येईपर्यंत लोक फक्त आगीबद्दल बोलतात.

शेवटच्या प्रार्थनेला गणना ६:२४-२६ घ्या, 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो' ते. १९७९ साली त्याच हिन्नोमच्या खोऱ्याच्या काठावर, केतेफ हिन्नोमच्या जुन्या कबरींत, चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. शास्त्रातल्या मजकुराचा आजवर हाती आलेला तो सर्वांत जुना नमुना.

तुमची,
लेक