जुनी म्हणजे अस्सलच, असं नव्हे

संपादक महोदय, स. न. वि. वि.

साखरपुड्यासाठी व्हिंटेज अंगठी कशी निवडावी, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माहिती बरीच आहे. पण ‘शंभर वर्षांपूर्वीच्या अंगठीतला खडा नैसर्गिकच असणार, तेव्हा कृत्रिम खडे होतेच कुठे?’ या वाक्यापाशी मी अडलो. जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करण्यात माझी हयात गेली, म्हणून हे पत्र.

कृत्रिम खडे होते, आणि चांगले होते. भुकटी ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची रीत ओग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली. पुढच्या दशकभरात नीलही त्याच रीतीने होऊ लागला. १९२०-३०च्या आर्ट डेको, म्हणजे भौमितिक घाटाच्या अंगठ्यांत हिऱ्याभोवती नीलाचे चिमुकले चौकोन बसवलेले असतात. त्यांतले काही कृत्रिम निघतात, आणि ते कुणी मागाहून बदललेले नसतात, मूळचेच असतात. त्या काळी ती नवलाई होती, लबाडी नव्हती. दहापट भिंगाखाली अशा खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा दिसू शकतात; खाणीतल्या नीलात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात. या भिंगाखालच्या गोष्टी झाल्या. ज्यांना त्यात पडायचं नाही त्यांनी खड्याची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी, अंगठीचं वय सांगून कुणी ती टाळू पाहत असेल तर नक्कीच.

हिऱ्याचं मात्र उलट होतं. प्रमाणपत्रावर ‘कट’ची, म्हणजे पैलूंच्या घडणीची प्रत दिलेली नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक बिचकतं. जीआयए ही अमेरिकेतली रत्नपरीक्षण संस्था ही प्रत फक्त आजच्या प्रमाणित गोल ‘ब्रिलियंट’ घडणीच्या हिऱ्याला देते. मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने त्या घडणीच्या पैलूंचं गणित मांडलं ते १९१९ मध्ये. त्याआधीचे ‘ओल्ड माइन’ आणि ‘ओल्ड युरोपियन’ हिरे कारागिराच्या नजरेने घडले. माथा उंच, वरची सपाटी लहान आणि तळाचं टोक छाटलेलं. वरून पाहताना मधोमध दिसणारं वर्तुळ म्हणजे हेच छाटलेलं टोक, खोट नव्हे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली हा हिरा मंद वाटेल. मंद पिवळ्या उजेडात धरा, रंगांचे मोठे लोळ उठतात. ‘नव्याने पैलू पाडून घ्या’ असा सल्ला कुणी दिला तर त्याला लांबूनच नमस्कार करावा. वजन जातं आणि जुनेपणही जातं, मग व्हिंटेज घेतलीच कशाला?

लेखात खड्यावर इतकं लिहिलंय, पण अंगठीच्या मागच्या बाजूबद्दल अवाक्षर नाही. मी आधी तीच पाहतो. वळं तळहाताच्या बाजूला जास्त झिजतं. तिथे ते कागदासारखं पातळ झालेलं असेल, तर रोजच्या वापरात पिचणार. खडा धरणाऱ्या आकड्यांची टोकं कपड्यात अडकतात का, तेही बघा. सोन्यावर करड्या रंगाचा डाग म्हणजे कुणीतरी शिशाचा डाख लावून काम भागवलंय; ते निस्तरणं कटकटीचं असतं. वळं झिजून गुळगुळीत आणि वरची घडण मात्र कोरीव असेल, तर दोन्ही एका वयाची नाहीत. कडेच्या बारीक रव्यांच्या खाचांत ओतकामाची छिद्रं दिसली, तर बहुधा सगळीच नक्कल. वळ्यावर सगळीकडून खडे असतील, तर माप बदलायची सोय नसते, हे ठरवण्याआधीच सांगितलेलं बरं. पन्ना किंवा ओपल असेल, तर अंगठी रोज घालणार की सणासुदीला, हे घालणाऱ्या व्यक्तीला विचारा. पन्न्याच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतल्यावर ते निघून जाऊ शकतं.

लेखासोबतचे सगळे फोटो वरून काढलेले आहेत. पुढच्या वेळी मागच्या बाजूचा एक तरी छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जडाव कारागीर