जेरुसलेमची घासाघीस

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

जेरुसलेमच्या लढाईबद्दल सविस्तर लिही म्हणालास, पण कोणत्या? मी ११८७ ची धरतो, कारण तिचा निकाल शेवटी घासाघिशीत लागला.

त्या वर्षी ४ जुलैला हत्तीनपाशी जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी याची फौज तहानेने अर्धमेली होऊनच लढली. तिबेरियाचं सरोवर पुढ्यात, पण वाट इजिप्त-सीरियाचा मुस्लिम सुलतान सलाहुद्दीन याने अडवलेली. वर त्याच्या माणसांनी वाळलं गवत पेटवून दिलं. राजा पकडला गेला, राज्य उघडं पडलं.

तिथून निसटलेला सरदार बालियन. जेरुसलेमहून बायकोला घेऊन येतो, एकच रात्र राहीन, अशी शपथ घेऊन त्याने सलाहुद्दीनची परवानगी मिळवली. गावात पोचला तर लोक त्याला सोडेनात! धर्मगुरू हेराक्लियसने त्याला शपथेतून मोकळं केलं. बालियनने सलाहुद्दीनला तसं कळवलं, तर या गड्याने उलट त्याच्या बायकोला सोबत देऊन सुखरूप बाहेर काढलं. मला ही देवघेव लढाईपेक्षा नवलाची वाटते.

सप्टेंबरअखेर सलाहुद्दीनच्या सुरुंगाने जेरुसलेमचा उत्तरेकडचा तट ढासळला. १०९९ मध्ये ख्रिस्ती फौजेने इथे कत्तल केली होती, सलाहुद्दीनला तिचा बदला हवा होता. बालियनने बजावलं: मग आम्ही आमची बायकापोरं स्वतः मारू, तुमचे ५,००० कैदी कापू, तुमची पवित्र स्थळं पाडू आणि मगच बाहेर येऊन मरू. लगेच गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या सुटकेचा भाव ठरू लागला. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, पोरांना कमी. मुदत ४० दिवस. गरिबांपैकी सुमारे ७,००० जणांचे मिळून ३०,००० दिनार. २ ऑक्टोबरला गाव ताब्यात गेलं.

आता संताप येतो तो इथे. हेराक्लियसने स्वतःचे १० दिनार मोजले आणि चर्चचा खजिना लादून चालता झाला. इकडे सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याने पैसे न भरू शकलेले १,००० ख्रिस्ती कैदी मागून घेतले आणि सोडून दिले! तरीही पैसे नसलेले हजारो लोक गुलाम झालेच. सलाहुद्दीनच्या दिलदारीचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत.

पुढे इंग्लंडचा राजा रिचर्ड जेरुसलेम परत घ्यायला आला, जेरुसलेमच्या जवळ दोनदा पोचून परतला. सप्टेंबर ११९२ च्या तहात गाव सलाहुद्दीनकडेच राहिलं, निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मिळाली. रिचर्डची माणसं दर्शन घेऊन आली, तो स्वतः गेला नाही. का गेला नसेल? तुझा तर्क कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास