किराणा दुकानाचे ॲप आणि आपले शब्द

महोदय,

वडोदऱ्यातील दांडिया बाजार परिसरातल्या आमच्या नेहमीच्या वाण्याने नुकतेच स्वतःचे ॲप सुरू केले, याचे मनापासून स्वागत आहे. मात्र चतुर्थीच्या उपासासाठी आईने त्यात ‘भगर’ शोधली, तेव्हा माल उपलब्ध नसल्याचे उत्तर आले; वास्तविक तीच भगर ‘मोरैयो’ या गुजराती नावाने यादीत होती. या गावात शतकांपासून दोन्ही भाषा नांदत असल्याने एका जिनसाला दोन्ही नावे जोडणे ही ॲपची पहिली गरज मानावी, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी अडचण दिसण्याची आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे वृद्धांना वाचता येत नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. बटणेही बोटाला सापडतील अशी, सुमारे ९ मिलिमीटरची हवीत. माल पाहण्याआधीच नोंदणीची सक्ती नसावी, आणि यूपीआयबरोबर घरपोच रोखीची सोय राहावी.

दुकानदारांनी ॲप बनवून घेताना आपल्या चार वयस्कर गिऱ्हाइकांना शेजारी बसवून ते वापरून पाहायला सांगावे, ही विनंती.

— एक वाचक, वडोदरा