आधी पुसणं, मग घासणं

पुणे, ९ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अल्युमिनिअमच्या बोटीचे फोटो मिळाले, मोठे करकरून पाहिले. तिला रंग कसा द्यायचा हे फोनवर सांगितलं तर निम्मं विसरशील, म्हणून लिहूनच काढतोय.

तुझ्या बोटीला दोन वेगळे आजार आहेत आणि तू दोन्हींना ओरखडेच म्हणतोयस. नाळेजवळचे, म्हणजे पुढच्या टोकाजवळचे, आडवेतिडवे ओरखडे दगडगोट्यांचे. बोट काठावर ओढली की यायचेच. पण तळाला लांबीभर दोन सरळ पट्टे दिसतात ना, पांढरी भुकटी धरलेले आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडलेले? ते घासल्याचे नाहीत. ते ट्रेलरवर बोट टेकते त्या फळ्यांचे आहेत. बाहेर वापरायच्या लाकडात कीड लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवतात, त्यावर फळ्यांना लावलेला गालिचा, तोही दिवसच्या दिवस ओला. तांबं आणि अल्युमिनिअम ओलीत शेजारी आले की झीज अल्युमिनिअमचीच होते. तेव्हा आधी फळ्या बदल, न मुरवलेलं साधं लाकूड घे. नाहीतर नवा रंगसुद्धा तिथूनच उठेल.

आणखी एक आधीच सांगतो. तुमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या गोड्या तळ्यांत अल्युमिनिअमला टिकण्यासाठी रंगाची गरज नसते. हवा लागली की त्यावर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मी असतो तर पाण्याखालचा भाग चक्क उघडा ठेवला असता. पण तुला सगळी बोट हिरवी हवी आहे, तर हवी. फक्त हे लक्षात ठेव की धातूला वाचवणारा हा थरच रंगाचा वैरी आहे. त्यावर दिलेला रंग वर्षभरात पोपडे धरतो.

कल्हईवाला आठव. भांडं तापवून तो नवसागर टाकतो, कापसाने फिरवतो आणि त्याच क्षणी कथील लावतो. मध्ये बिडी ओढायला थांबत नाही. इथेही तेच: घासलेल्या अल्युमिनिअमवर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) शक्यतो तासाभरात गेला पाहिजे. जेवढं तासात आटोपेल तेवढाच भाग घासायला घे.

रंगाआधी गळती बघ. बोट ट्रेलरवरच असू दे आणि आत चारपाच इंच पाणी भर. जास्त नको, एक लिटर म्हणजे एक किलो, ट्रेलरला उगाच भार. खाली वाकून ज्या रिव्हेटमधून (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यातून) थेंब येतो तिथे खडूने खूण कर. पेन्सिलने नको, शिशातलं ग्रॅफाइट अल्युमिनिअमला खातं. मार्करनेही नको, त्याची शाई वरच्या रंगातून फुटून बाहेर येते. सैल रिव्हेट बाहेरून लोखंडी ठोकळा धरून आतून ठोकून घट्ट होतं. तरी पाझरलं तर आतल्या बाजूने इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ) सीलर. सिलिकॉन मात्र हुलच्या (बोटीच्या कवचाच्या) आसपासही आणू नकोस. ते लागलेल्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो, आणि सिलिकॉन पुसून जात नाही, पसरतं.

आता साफसफाई. बोट चौघांनी धरून दोन लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) पालथी घाला. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू दे. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी एका हातात, कोरडी दुसऱ्या हातात: ओल्याने पूस आणि वाळायच्या आत कोरड्याने टिपून घे. एकच चिंधी वापरलीस तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. हे घासण्याच्या आधी. मेणकट पृष्ठभाग तसाच घासला की मेण कागदाच्या दाबाने ओरखड्यात भरतं आणि मग निघत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि दोष प्रायमरला देतात.

उघड्या धातूवर ८० नंबरचा पॉलिश पेपर, कडांना १२०. जुना रंग पक्का असेल तिथे १८० ने नुसती चमक मार. उघडा धातू आणि जुना रंग यांची सीमा बोटाला लागता कामा नये. डोळे मिटून बोट फिरव, डोळ्यांपेक्षा बोट खरं सांगतं. तारेचा ब्रश आणि स्टील वूल दोन्ही वर्ज्य, त्यांचे लोखंडी कण रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके येतात. रंग काढायचं कॉस्टिक सोड्याचं रिमूव्हरही नको. अल्युमिनिअमच्या पातेल्यात सोडा उकळल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे, कॉस्टिक त्याच्याहून जहाल.

जुन्या रंगाखाली पिवळट-हिरवा प्रायमर निघाला तर तिथेच थांब. तो झिंक क्रोमेट असू शकतो, त्याची धूळ कर्करोगकारक असते. कोरडं घासू नकोस आणि मला आधी फोटो पाठव.

घासून पुन्हा दोन चिंध्यांनी पुसलंस की त्यावर स्वच्छ पाणी शिंपड. सलग पडद्यासारखं पसरलं तर जिंकलास. थेंब थेंब जमले तर तेल बाकी आहे, परत पूस. पाणी मारलेला भाग वाळला की लगेच बारीक कागदाचा हात फिरवून आणि पुसून प्रायमर.

प्रायमर दोन प्रकारचे. ॲसिडवाला एच (etch, धातूला किंचित कुरतडून पकड घेणारा) प्रायमर फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. पाण्याच्या रेषेच्या वर असलेल्या छोट्या ओरखड्यांना तो ठीक, पण अगदी पातळ, खालचा धातू धूसर दिसेल इतकाच. जाड दिलास तर आत ॲसिड अडकून राहतं. पाण्याखाली तो एकटा पुरत नाही, आणि त्यावर इपॉक्सीचा थर चढवलास तर काही वेळा त्या ॲसिडमुळे तो नीट कडक होत नाही. म्हणून तळाला सरळ दोन डब्यांचा (एकात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर) इपॉक्सी प्रायमर घे आणि थेट धातूवर दे. तुझ्या १४ फुटीचं बाहेरचं क्षेत्रफळ साधारण ९ ते १० चौरस मीटर भरेल. ५० टक्के घन भागाचा (वाळल्यावर निम्मा उरणारा) प्रायमर ५० मायक्रॉन जाडीला लिटरमागे १० चौरस मीटर जातो. रोलरमध्ये आणि तळाशी उरतो तो धरून दोन हातांना (थरांना) अडीच लिटर आण.

हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, मापाने, अंदाजाने नाही. "थोडा जास्त घातला की लवकर वाळेल" हे इपॉक्सीत चालत नाही, जास्तीचा हार्डनर रंगात तसाच मऊ राहतो. एका वेळी अर्धा लिटरच कालव. तळाच्या पट्ट्यांमधले ते खड्डे पहिल्या हातानंतर इपॉक्सी लांबीने (पुट्टीने) भर. मोटारीची पॉलिस्टर लांबी पाणी पिते आणि फुगते. दुसरा हात अंगठा टेकवल्यावर ठसा उमटतो पण रंग बोटाला येत नाही तेव्हा. ती वेळ चुकली तर डब्यावरची मुदत बघ. मुदत उलटली असेल तर परत घासणं आलं. सकाळी प्रायमरवर तुपकट थर दिसला तर कागद लावण्याआधी साध्या पाण्याने हिरव्या घासणीने धू.

वरच्या रंगासाठी आधी जुन्या रंगाची परीक्षा कर. ॲसिटोनची चिंधी पाव तास चिकटपट्टीने लावून ठेव. रंग मऊ झाला तर तो एका डब्याचा आहे, आणि त्यावर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग दिलास तर सुरकुत्या पडतील. अशा वेळी एका डब्याचंच मरीन (बोटींसाठीचं) इनॅमल घे. पॉलियुरेथेन घेतलास तर तो गॅरेजमध्ये फवारू नकोस, त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना बाधतं. फोमच्या रोलरने लाव आणि लगेच चांगल्या ब्रशच्या टोकाने हलकेच ओढून बुडबुडे मोड. दोन पातळ हात, मध्ये ३२० चा कागद. उभ्या बाजूंना जाड हात दिलास की दहा मिनिटांनी ओघळ येतात, आणि तेव्हा तू कॉफी प्यायला गेलेला असतोस.

शेवाळं-शिंपल्यांविरुद्धचा रंग घेऊ नकोस. बोट दर वेळी ट्रेलरवर बाहेर येते, तुला त्याची गरजच नाही, आणि त्यातला कॉपर ऑक्साइडवाला तर अल्युमिनिअमला थेट विष आहे.

हवामान: काम सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आटोप. धातू ५० फॅरनहाइटच्या वर आणि दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान ५ अंशांनी गरम हवा. दुपारी तीननंतर हात देऊ नकोस, तिथे संध्याकाळी दव पडतं आणि ताजी चमक दुधाळ होते. शेवटच्या हातानंतर आठवडाभर बोट फळ्यांवर टेकवू नकोस.

मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला हुल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) रंगाने बुजवू नकोस. नाळेवरचा नोंदणी क्रमांक काढण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेव; अक्षरं निदान ३ इंच उंच आणि रंगाशी विरुद्ध छटेची लागतात, म्हणजे हिरव्यावर पांढरी.

फळ्यांची मापं कळव.

तुझा,
शिरीष