रविवारची ती वेळ पुन्हा द्या

महोदय,

आमिर खानचा ‘सत्यमेव जयते’ ६ मे २०१२ रोजी सुरू झाला आणि तीन छोट्या पर्वांनंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये थांबला. स्टार प्लसबरोबर दूरदर्शनवरही तो रविवारी सकाळी अकराला लागे. पहिला भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता, दुसरा बालकांच्या लैंगिक शोषणावर. त्या दुसऱ्या भागात आमिरने लहान मुलांना समोर बसवून, कोणी नको तिथे हात लावला तर काय करायचे, हे अगदी सोप्या शब्दांत समजावले. आईवडिलांच्या तोंडून जे निघत नाही, ते भर सकाळी सगळे घर एकत्र बसलेले असताना बोलले गेले. रात्री साडेदहाला दाखवले असते, तर ज्यांच्यासाठी ते होते ती मुले झोपलेली असती.

याच मंडळींनी पुढे २०१६ मध्ये पाणी फाउंडेशन उभे केले. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगावात श्रमदान झाले, ते आपण पाहिलेच आहे.

सह्याद्री वाहिनीने निदान तो बालसुरक्षेचा भाग मराठीतून, रविवारी सकाळीच, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, सातारा