सुमे, नानांची पँट

प्रिय सुमे,

आधी शिव्या घालून घे. दिवाळीपासून तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत, मेसेजला नुसता अंगठा दाखवला. तब्येती ठीक, माझी शुगर जरा वर आहे, सोड.

तर मी तुरपाई शिकलेय. हसू नकोस. आणि "हेम घालणं म्हण, तुरपाई हिंदी आहे" हे पुण्याचं ज्ञान तिकडेच ठेव, रामबागेत आपण दोघी तुरपाईच म्हणायचो. आठवीत शिवणाच्या तासाला माझा रुमाल तू करून दिलास, मला नऊ मार्क, तुला सात, आणि तू तीन आठवडे बोलली नाहीस. (माझी काय चूक होती, अजून सांग.)

झालं असं की नानांच्या पँटी जमिनीवर लोळायला लागल्या. त्याच गं, करड्या, ज्यांच्या क्रीझवर भाजी चिरता येईल म्हणायचीस. गेल्या महिन्यात सकाळी पोहे आणायला निघाले आणि पायरीवर टाच पँटीच्या खालच्या घेरात, मोहरीत, अडकली, कठडा हाताशी होता म्हणून वाचले. म्हटलं नाना, लांब झाल्यात, टेलरकडे देते. तर म्हणे, "कापड धुवून आटतं, वाढत नाही." हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तरी हा माणूस अजून कापडखात्यातच आहे, त्याला मी काय सांगणार? कापड जसंच्या तसं आहे सुमे, नाना आटलेत. डॉक्टर म्हणाले हाडं विरळ झालीत, मणके दबले की उंची कमी होते, गोळ्या चालू आहेत. पण पाच फूट अकरा म्हणजे नानांचा जणू आधार नंबर, तो कसा बदलणार!

मग ते झोपले की मी पँट घेऊन स्वयंपाकघरात. माप घ्यायला त्यांना उभं कसं करणार, म्हणून मागच्या बाजूला जेवढी पट्टी मळून झिजली होती तेवढ्यावरून साबणाच्या चिपटीने रेघ मारली. पहिल्या दिवशी दुहेरी दोरा, तोही भला लांब, दर चार टाक्यांनी गाठ, आणि कचकचून ओढला तर वरून कापडाला घामोळं उठल्यासारखं. उसवलं. वरच्या काकूंनी शेवटी दाखवलं, दोरा एकेरी, हातभरापेक्षा लांब नाही, रंग कापडापेक्षा एक छटा गडद, आणि सुईने वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलायचा, ओढायचं नाही, नुसता बसवायचा. मोहरी खाली निमुळती असते ना, त्यामुळे दुमड मोठी झाली की आतली कड वरच्या घेराला पुरत नाही, मग बाजूची शिवण थोडी उसवून घ्यावी लागते. हे मला कोणी आठवीत का नाही सांगितलं?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मी कापड कापत नाहीये. चार बोटं आत दुमडून ठेवलंय, जाड झालंय, इस्त्री नीट बसत नाही, चालताना पायावर आपटतं. काकू म्हणाल्या दोन बोटं ठेव, बाकी काप. कात्री दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. कापलं की मग परत सोडता येणार नाही ना. जसे काय ते पुन्हा वाढणार आहेत! तूच मूर्ख म्हण, दुसऱ्या कोणाला सांगू?

आणि परवा काय झालं, पँट घालताना नानांनी मोहरी चिमटीत धरली, अंगठा फिरवला, मिलमधे ठाण तपासायचे तसा. "टाके कुणाचे?" मी म्हटलं टेलरचे. "दुमड फार ठेवलीय त्याने," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. आता हे कळून म्हणाले की नुसतं कारागिरीवर, तीन दिवस मी तेच घोळतेय. विचारायची हिंमत नाही, त्यांची तुझ्यासमोर तरी जीभ सैल सुटते, माझ्यासमोर नाही.

तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकाला नोकरी लागली कळलं, पेढे पाठव, चितळ्यांचे नकोत, मी इंदूरची आहे. नव्या घराचे फोटो बघितले, ओटा छान, पडदे भयंकर.

अजून तीन पँटी आहेत. कापू का? कापायच्या तर आत किती ठेवू ते बोटांत सांग, सेंटीमीटरमध्ये नको. रात्री दहानंतर फोन कर, तोवर नाना झोपलेले असतात.

तुझी,
नऊ मार्कवाली